झुडपी जंगलाचा पंचनामा रात्रीही व्हावा

पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात स्पष्ट केले. कागदावरचा प्रश्न बराचसा मिटला. नजर मात्र जुनीच आहे. बोरी-बाभळी, तरवड आणि मुरूम दिसला की जमीन पडीक ठरते आणि वृक्षलागवडीचे खड्डे आखले जातात. तिथे कुदळ पडण्याआधी कोळ्यांची वर्षभर, सर्व ऋतूंत मोजणी झालीच पाहिजे.

कोळीच का? कारण झाडीची ठेवण बदलली की त्यांची वस्ती लगेच बदलते. गोल जाळे विणणाऱ्याला दोन फांद्यांमधली मोकळी जागा लागते. लांडगा कोळी उघड्या जमिनीवर शिकार करतो. त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते, पिल्ले निघाली की ती पाठीवर वागवते. रात्री विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरली की मुरमात तिचे डोळे लुकलुकतात. भर दुपारच्या पाहणीत यातले काही हाती लागत नाही. बिळाला झाकण लावणाऱ्या कोळ्यांचे तर आणखी अवघड. रेशमी बिजागरीचे ते झाकण आसपासच्या मातीत बेमालूम मिसळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील राखीव रानात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नोंदी ठेवलेली, १६ क्रमांकाची अशी एक मादी ४३ वर्षे जगली, तीही एकाच बिळात. त्या जातीच्या माद्या मोडलेले बीळ दुरुस्त करतात, नवे घर शोधत नाहीत. रोपासाठीचा एक खड्डा अशा ठिकाणी काय करत असेल?

जाती ओळखणारे तज्ज्ञ कुठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. प्रौढ कोळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात सहसा ठरत नाही, पिल्लांवरून तर नाहीच. पण कुळापर्यंतची ओळख शिकवलेल्या विद्यार्थ्यांना जमते. साहित्यही साधे: झुडपाखाली धरायची पांढरी चादर, फांदी झटकायला काठी, जमिनीत काठोकाठ पुरलेले पेले, विजेरी. गावाला सावली नको का, असेही विचारले जाईल. हवीच, ती गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर लावावी. गुरे चारणाऱ्यांनाही या रानाची उघडीपच उपयोगाची असते. मात्र मे महिन्यात एक चक्कर मारून ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेला अहवाल वनखात्याने परत पाठवावा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याच झुडपांवरची जाळी मोजायला पुन्हा जावे लागेल.