‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’

प्रति,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.



मधल्या सुट्टीत आठवीतली मुलगी दाराशी घुटमळते. आत समुपदेशक बाई बसलेल्या असतात. पाटीवर ‘समुपदेशन कक्ष’ असे लिहिलेले असले, तरी कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या, गॅदरिंगचे पडदे आणि लेझमांचा ढीग असतो. मुलगी खुर्चीच्या टोकावर टेकते आणि आधी एवढेच विचारते, “बाई, कुणाला सांगणार नाही ना?” बाईंच्या तोंडून मायेपोटी निघून जाते, “नाही गं, बोल तू.”

हे पत्र या उत्तराविषयी आहे. मुलीने पुढे सांगितलेली गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल आणि बाईंनी दिलेला शब्द पाळला, तर कायद्याच्या लेखी गुन्हा बाईंच्याच हातून घडतो. आणि ही गोष्ट त्यांना नेमताना कुणी सांगितलेलीच नसते.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याचे कलम १९ म्हणते, की मुलावर असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी भीती ज्याला वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर, शिपाई, कुणालाही सूट नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणजे आपले काम झाले, ही समजूत कित्येक शाळांत पक्की बसली आहे. कुणाला कळवायचे, हे सांगताना कायदा मुख्याध्यापकांचे नावही घेत नाही, तो पोलिसांचे घेतो. याच कलम १९ मध्ये दिलासाही आहे: सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. घाबरलेल्या समुपदेशकाला सगळ्यांत आधी हे पोटकलम वाचून दाखवायला हवे.

न कळवल्याची उदाहरणे आपल्याच राज्यातली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांवर माहिती दडवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ठाऊक असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना कळवले नाही म्हणून शाळा चालवणाऱ्यांवरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला.

मग काय, मूल जे बोलेल ते सगळे पोलिसांना सांगायचे? मुळीच नाही. वडील रोज पिऊन येतात, गणिताच्या पेपरला पोटात गोळा येतो, मैत्रिणीने बोलणे टाकले आहे, वर्गातली मुले बायल्या म्हणून चिडवतात. ही गुपिते मुलाची आहेत आणि ती जपणे हा समुपदेशकाचा धर्म आहे. प्रत्यक्षात मात्र समुपदेशनाच्या नोंदवहीत नाव, इयत्ता, तुकडी आणि ‘समस्या’ असा सरळ रकाना आखलेला असतो. ती वही सहीसाठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते, दुपारपर्यंत पडून राहते आणि संध्याकाळी स्टाफरूममध्ये त्या मुलाचे नाव चघळले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण एखादी पदविका करून हे काम पाहणाऱ्या शिक्षिकेला तो लागू होतो की नाही, हे तिला कुणीच समजावून सांगितलेले नाही.

सर्वांत अवघड पेच सतराव्या वर्षीचा. मुलगी बारावीत असते, तिचे एका मुलावर प्रेम असते, संबंध आलेले असतात आणि जबरदस्ती कुणाचीच नसते. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालची संमती ही संमतीच नव्हे, म्हणून कळवण्याचे बंधन इथेही येते. कळवले तर वर्गातलाच मुलगा आरोपी होतो आणि मुलगी पुन्हा कधी कुणापाशी तोंड उघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये हा पेच ओळखला: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवावे, पण तिने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव उघड करू नये. डॉक्टरांसाठी वाट निघाली. समुपदेशक अजून एकटाच आहे.

आणि मूल जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलले तर? अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तेरा वर्षांच्या एका मुलीने मैत्रिणींजवळ असे बोलून दाखवले होते. समुपदेशकांनी तिला विचारले, तिने नाकारले, त्यांनी घरी कळवले नाही. मुलगी गेली. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले, की अशी चाहूल लागल्यावर आत्महत्या टाळण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे हे शालेय समुपदेशकाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे.

आपल्या विभागाने काहीच केले नाही, असे कुणी म्हणणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करते, २०२२ पासून शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही आहेत. पण परीक्षा संपते आणि फोन थांबतात. एक लाखाहून अधिक शाळांच्या या राज्यात बऱ्याच ठिकाणी ‘समुपदेशक’ म्हणजे तासिका, पोषण आहाराचा हिशेब आणि निवडणुकीचे काम सांभाळून हेही पाहणाऱ्या बाईच असतात.

म्हणून मागणी नेमकी आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी विभागाने दोन पानांचे मराठी परिपत्रक काढावे. कोणती गोष्ट जपायची, कोणती पोलिसांना कळवायची, कोणती त्याच दिवशी पालकांना सांगायची आणि घरचाच माणूस अत्याचारी असेल तर पालकांऐवजी १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन कधी लावायचा, हे त्यात स्पष्ट असावे. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक असावा आणि ती कुलपात राहावी. संस्थाचालकांचा विरोध पत्करून पोलिसांकडे गेलेल्या समुपदेशकाची बदली किंवा पगारकपात झाली, तर शिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः चौकशी करावी. आणि त्या बाईंना मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर लिहून द्यावे: “बाळ, तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर अत्याचार झाला असेल तर मला सांगावे लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय, तुझ्यापासून लपवून मी काही करणार नाही.”