कोणती पिशवी?

"पोटाचं ऑपरेशन झालंय." सातारा-सांगलीकडच्या गावांत आरोग्याविषयी बोलायला बसलं की बायका हे हमखास सांगतात. कशाचं, म्हणून मी विचारते. "पिशवीचं."

आपल्या बोलीत गर्भाशय ही पिशवी, पित्ताशय ही पित्ताची पिशवी, मूत्राशय ही लघवीची पिशवी. पण एक काढणं आणि दुसरी काढणं सारखं नव्हे. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशयात ते फक्त साठतं. पित्ताशय काढलं तरी पित्त थेट आतड्यात उतरतं, पचन चालू राहतं. गर्भाशय काढलं की पाळी कायमची थांबते, मूल होत नाही. सोबत दोन्ही बीजकोशही काढले तर ऐन तिशीतही रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

२०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. तिथल्या टोळ्या दर हंगामात आपल्याकडच्या फडांवरही येतात. गरिबी, खाड्याची धास्ती, कॅन्सरची घातलेली भीती ही कारणं मोठी आहेतच. पण काय काढणार हेच नीट कळलं नाही, तर नकार तरी कशाला द्यायचा?

रिपोर्टवरचे शब्द वाटतात तितके अवघड नाहीत. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, सूज. अपेंडिसायटिस म्हणजे आंत्रपुच्छाला सूज, गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला सूज. 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीतून आत पाहणं. 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं: कोलेसिस्टेक्टमीत पित्ताशय, हिस्टरेक्टमीत गर्भाशय.

"डॉक्टरांना एवढं सांगायला वेळ कुठे असतो?" असं बायकाच म्हणतात. पण समजावून सांगणं हे उपकार नव्हेत. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढायची संमती होत नाही. जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान बाईऐवजी तिच्या आईची संमतीही चालत नाही. मग नवऱ्याची, सासूची कशी चालेल?

म्हणून संमतीपत्र मराठीत हवं, त्यात अवयवाचं नाव हवं, आणि ते बाईला वाचून दाखवलेलं हवं. महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत पोटाच्या आतल्या अवयवांचं चित्र भिंतीवर लावावं आणि चार प्रश्न पाठ करून घ्यावेत: कोणता अवयव? त्याला काय झालंय? काढायलाच हवा का? न काढता उपाय आहे का? उत्तरं मिळाल्यावरच सही.