सिंदफणेच्या काठी तीन दिवस

गेल्या उन्हाळ्यात मच्छीमार सोसायटीला विचारून आम्ही मेहुणे-भाचे तीन दिवस माजलगाव धरणाच्या काठी राहिलो. सिंदफणा अडवून साठलेले हे पाणी. पैठणच्या उजव्या कालव्याचेही त्यात येते. तळ्यात पाय घातला की मला २० मार्च १९२७ चे महाड आठवतेच, त्याला इलाज नाही.

पहिला दिवस गळाचा. कणकेची गोळी लावून बसायचे. दिवसभरात रोहू मिळाले दोन, भाकरी संपल्या दहा! दुसऱ्या दिवशी पाग. कडेला शिसे ओवलेले हे गोल जाळे पाण्यावर ताटासारखे उघडावे लागते. माझे पोत्यासारखे पडले. सायंकाळी उभे जाळे लावून ठेवले. माशाचे डोके भोकात शिरते, मागे फिरताना दोरा कल्ल्यात अडकतो. सकाळी ओढले तर कटला, रोहू आणि बरीच बोटुकलीही.

मासे सोडवताना धाकटा भाचा म्हणाला, "मामा, आपण वंदनेत पहिले शील घेतो ना? मग हे काय?"

मी सांगितले, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा धरून मारणे यांत फरक केला आहे.

"मग आपण गरजेपोटी आलो का हौसेपोटी?"

सोसायटीचे लोक पोटासाठी रोज पाण्यात उतरतात. आम्ही सुटीला आलो होतो. मी खाली मान घालून जाळे झटकू लागलो. जिवंत बोटुकली त्याने ओंजळीने पाण्यात सोडली. उरलेले मासे ताईने घरी शिजवले, शेजारीही दिले. तोही जेवला, पण दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही.