गोळ्या संपतात तेव्हा

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली. पण याच उरण तालुक्यातल्या रानसईच्या आदिवासी वाडीतल्या मनोरुग्णाला जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर अलिबागच गाठावं लागतं. मजुरी बुडते, वर गाडीभाडं. पहिल्यांदा घरचे कसंबसं नेतात. पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचं काय? पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, केसपेपर कुडाच्या भिंतीत खोचलेला राहतो आणि उपचार तुटतो. वर ऐकवलं जातं, ‘ही माणसं औषधं घेतच नाहीत.’ याची आम्हाला चीड येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ जात, वर्ग न पाहता उपचाराचा हक्क देतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, जरूर फिरवा. पण फोनवरून गोळी हातात पडत नाही. ती भट्टीजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ऐन हंगामातही मिळालीच पाहिजे.