उपासना आणि उधारी



गेल्या चातुर्मासात एका वाचक भगिनींनी पत्राने विचारले होते, ‘‘आमची मुले ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत शिकतात, सकाळच्या प्रार्थनेला उभी राहतात. त्या धर्मातील उपासनेचा अर्थ काय आणि हेतू काय, हे आपल्याला ठाऊक असायला नको का?’’ प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर देण्याआधी मला आमच्या दुकानातील एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. या विषयाचा पहिला धडा मला ग्रंथाच्या आधी खतावणीत मिळाला.

तीसेक वर्षांपूर्वी माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथे आमचे किराणा-भुसाराचे दुकान होते. वडील गादीवर बसत आणि कीर्द-खतावणी मी लिहीत असे. वय एकोणीस, त्यामुळे अक्षराचा आणि हिशेबाचा अभिमान अंमळ जास्तच. गावातील शाळेत नगरकडचे एक ख्रिस्ती गुरुजी होते. महिन्याचा किराणा ते उधारीवर नेत आणि पगार झाला की खाते चुकते करीत. एका चैत्रात हिशेब जुळेना. दोनशे चाळीस रुपयांचा माल आपण एकदाच नेला, असे त्यांचे म्हणणे. वहीत तो दोनदा नावे पडलेला. शब्दाने शब्द वाढला. चार गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, ‘‘गुरुजी, वही खोटं बोलत नाही.’’ तेही रागाने दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

त्या शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. खांद्याला पिशवी होती. नगरची गाडी धरायची होती. त्यांनी पैसे गादीवर ठेवले आणि वडिलांना म्हणाले, ‘‘शेठजी, हे पैसे माझ्याकडे निघत नाहीत, असंच मला अजूनही वाटतं. पण उद्या आमच्या मंडळीत प्रभुभोजन आहे. कुणाशी तेढ ठेवून त्या पंगतीला बसणं बरं नाही. त्या दिवशी मी तापलो, त्याची क्षमा मागायला आलोय.’’ वडील काहीच बोलले नाहीत. मी मात्र मनात म्हटले, हरले आणि आता धर्माच्या नावाने माघार घेत आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजींची बदली झाली. भाद्रपदात संवत्सरी आली. आम्ही स्थानकात प्रतिक्रमण केले, चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना खमावले, नातलगांना आणि व्यापाऱ्यांना क्षमापनेची छापील पत्रे पाठविली. दिवाळीच्या सुमारास खाती मिळविताना कच्च्या वहीतील तीच नोंद मी दोनदा उतरविल्याचे ध्यानात आले. मनीऑर्डर करू का, असे मी विचारले. वडील म्हणाले, ‘‘मनीऑर्डरनं पैसे जातील, चूक जाणार नाही. तू जा.’’

मी बीडमार्गे नगरला गेलो, रात्री नातलगांकडे राहिलो आणि रविवारी सकाळी पत्ता शोधत गुरुजींच्या घरी पोहोचलो. दाराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी समोरच्या मंदिराकडे बोट दाखविले. ख्रिस्ती मराठी माणसे आपल्या प्रार्थनास्थळाला मंदिरही म्हणतात, हे मला तेव्हाच कळले. मी शेवटच्या बाकावर अवघडून बसलो.

आत मूर्ती नव्हती. भिंतीवर एक साधा क्रूस, बाकी दालन आपल्या स्थानकासारखेच निराभरण. सर्वांत मोठे आश्चर्य गायनाचे होते. विदेशी चालीची गाणी ऐकू येतील, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीवर अभंगाच्या वळणाचे पद चालले होते. पुढे कळले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1861 मध्ये कोकणात जन्मलेले हे कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या नगर येथील कार्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. मराठी माणसाने परक्या चालीवर आणि भाषांतरित शब्दांनी देवाला हाक मारावी, हे त्यांना पटत नव्हते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. या परंपरेचे मूळ त्याहून जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात रचलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 मध्येच छापले गेले होते.

त्या दिवशी मी जे पाहिले, त्याचा अर्थ नंतरच्या वाचनाने उलगडला. ख्रिस्ती उपासनेला एक क्रम असतो. आरंभी स्तुती. मग पापांगीकार, म्हणजे केलेल्या चुकांची सर्वांनी मिळून दिलेली कबुली. त्यानंतर पवित्र शास्त्राचे वाचन आणि त्यावर पाळकांचे प्रवचन. पुढे दानार्पण आणि प्रभुभोजन. शेवटी आशीर्वचन. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन बहुधा महिन्यातून एकदा होते. वसईसारख्या कॅथलिक मुलुखात ते मिस्सेच्या रूपाने प्रत्येक रविवारी, किंबहुना रोजही असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि तेथे मिस्सा मराठीत होऊ लागली.

या क्रमाचा हेतू काय? देवाला काही कमी आहे आणि ते भक्ताने पुरवावे, असा तो मुळीच नाही. बायबलमधील स्तोत्रांत देव स्वतःच सांगतो की, रानातले सर्व पशू माझेच आहेत. मला भूक लागली, तर ती तुम्हाला सांगण्याचे कारण नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार पहिले पाऊल देवाने टाकलेले असते. त्याने निर्माण केले, सांभाळले, क्षमा केली. उपासना हे माणसाने त्याला दिलेले उत्तर. प्रभुभोजनाला ज्या ग्रीक शब्दावरून ‘युखरिस्त’ म्हणतात, त्याचा अर्थच आभार मानणे असा आहे. हिब्रू भाषेत तर श्रम, सेवा आणि उपासना या तिन्हींसाठी ‘अवोदा’ हा एकच शब्द चालतो. शेतातले काम आणि देवापुढचे नमन यांच्यामध्ये त्या भाषेने भिंत घातलेली नाही.

व्यापारी माणसाने मुद्दाम वाचावे, असे एक प्रकरण बायबलच्या जुन्या करारात आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा संदेष्टा होऊन गेला. तो मूळचा तकोवा गावचा, मेंढरे आणि उंबराची झाडे राखणारा. देशात सुबत्ता होती, सण-यज्ञ थाटात चालत. आमोसाने त्या थाटाकडे पाहिले नाही, बाजाराकडे पाहिले. शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, व्यापारी देवापुढे बसत. पण हा दिवस संपतो कधी आणि आपण धान्याची कोठारे उघडतो कधी, याकडे त्यांचे चित्त. विकताना माप लहान, चांदी तोलून घेताना वजन भारी, तराजूला खोट, आणि गव्हाबरोबर त्याचा गाळही गरिबाच्या पदरात. अशांचे सण मला नकोसे झाले आहेत, त्यांची गीते मला ऐकवत नाहीत, न्याय नदीसारखा वाहू द्या, असे देवाचे म्हणणे त्याने ऐकविले. हे वाचताना मला माझी वही आठवली. मी खोटे माप वापरले नव्हते, हे खरे. पण वहीवरच्या माझ्या श्रद्धेने एका माणसाला चारचौघांत खोटे पाडले होते.

येशूने ही गोष्ट आणखी जवळ आणली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात त्याची शिकवण आहे. आपण अर्पण घेऊन वेदीपाशी गेलो आणि तेथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण वाहावे. येथे राग कोणाचा आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. मला राग आला असेल तर मी क्षमा करावी, हे सोपे. पण दुसऱ्याच्या मनात माझ्याविषयी सल असेल, तर उठून जायचे मी. गुरुजी त्या शनिवारी दुकानात आले, ते याच शिकवणीने. त्यांची माघार हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता आणि रविवारची उपासना शनिवारीच, आमच्या गादीसमोर, सुरू झाली होती.

प्रभुभोजनाचा अर्थही असाच माणसाकडे नेणारा आहे. अखेरच्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि द्राक्षरसाचा पेला वाटला. त्याची आठवण म्हणून हा विधी. करिंथ गावच्या मंडळीत श्रीमंत आधी पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, हे कळल्यावर प्रेषित पौलाने त्यांना खडसावले की, हे प्रभूचे भोजन नव्हेच. आपल्याकडे तर या पंगतीला वेगळेच मोल होते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आला. गावच्या पाणवठ्यावर जात पाहिली जात असे, त्या दिवसांत एका भाकरीचे तुकडे एकत्र घेणे ही साधी गोष्ट नव्हती. जन्माने ब्राह्मण असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपली शिवाशिव हळूहळू कशी गळून पडली, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने लिहिले आहे. जातीचा पीळ ख्रिस्ती मंडळ्यांतूनही पुरता गेला असे नाही, आणि तशी कबुली त्यांच्यातील विचारवंतही देतात. मात्र तो पीळ त्यांच्या उपासनेच्या विरुद्ध साक्ष देतो, हे त्यांच्या शास्त्रातच लिहिलेले आहे.

आपली दृष्टी आणि त्यांची दृष्टी एकच आहे, असे मी म्हणणार नाही. आपले अरिहंत वीतराग आहेत. ते प्रसन्न होत नाहीत, रुष्ट होत नाहीत, काही देत-घेत नाहीत. आपण वंदन करतो, ते त्यांचे गुण आपल्यात उतरावेत म्हणून. ख्रिस्ती श्रद्धेत देव जगाचा कर्ता आहे, पित्यासारखा आहे, तो हाक ऐकतो आणि पापांची क्षमा करतो. हा भेद मूलगामी आहे आणि तो झाकून ठेवल्याने कोणाचाच सन्मान होत नाही. तरीही एका ठिकाणी दोन्ही वाटा आपल्याला सारखाच प्रश्न विचारतात: आसनावरून उठल्यावर तू कोणाच्या दारी गेलास? लॅटिनमध्ये ‘मिस्सा’ हा शब्दच मुळी निरोपाचा, पाठवणीचा आहे. उपासना संपली, आता जा, असे सांगून लोकांना जगात परत धाडले जाते.

उपासना संपल्यावर गुरुजींनी मला ओळखले. मी चूक सांगितली आणि पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले, मोजले नाहीत. ‘‘एवढ्या लांब आलात?’’ इतकेच म्हणाले. मग घरी नेले. गुरुजी आमच्या दुकानात कित्येकदा आले होते. त्यांना चहा विचारला जाई तो बाहेरच्या ओट्यावर आणि त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली असे. ते कोणी बोलून दाखवीत नसे, पण त्यांना ठाऊक होते आणि मलाही. त्यांच्या पत्नीने चहा आणला. सर्वांचे कप एकसारखे होते. मी चहा घेतला. परतल्यावर वडिलांना हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ओट्यावरची ती कपबशी मला तेथे दिसली नाही.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते. मुलांना शाळेत ती प्रार्थना अवश्य ऐकू द्या, तिचा अर्थ विचारू द्या आणि घरी आपल्या सामायिकाचा, प्रतिक्रमणाचा अर्थही त्यांना तितक्याच आस्थेने सांगा. आणि आपण मोठ्यांनी यंदाच्या संवत्सरीला क्षमापनेची पत्रे धाडण्यापूर्वी एकदा खतावणी उघडावी. त्यात एखादे नाव असे निघेल, ज्याला पत्र पाठवून भागणार नाही. तेथे स्वतः जावे लागेल.

जय जिनेंद्र.