तार जमिनीतली आणि तारा आकाशातला

महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक या अमेरिकी कंपनीबरोबर एका इरादापत्रावर स्वाक्षरी केली. उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरविणाऱ्या या कंपनीशी असा औपचारिक संबंध जोडणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम अशा जिल्ह्यांतील शासकीय संस्था, शाळा, आरोग्य केंद्रे व आपले सरकार केंद्रे या सेवेने जोडावयाची आणि त्यासाठी प्रथम ९० दिवसांचा प्रायोगिक टप्पा राबवावयाचा, असा हा संकल्प आहे. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे घेण्यात आले, तेच हे चार. योगायोग म्हणावा, तर तो बोलका आहे.

इरादापत्र म्हणजे कंत्राट नव्हे. केंद्राच्या सर्व मंजुऱ्या मिळाल्याशिवाय त्याला अर्थ नाही, हे त्यातच मान्य केलेले आहे. म्हणूनच कंत्राटात काय असावे आणि काय नसावे, याची चर्चा त्यावर सही होण्यापूर्वी झाली पाहिजे. नंतरची चर्चा ही केवळ लेखापरीक्षकाच्या कामी येते.

गरज खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख वस्तीचा जिल्हा. पाचपैकी चार माणसे खेड्यात राहणारी, सोयाबीन, तूर आणि कापसावर जगणारी. या शेतकऱ्याचा सातबारा आता तारेतून येतो. पीकविम्याचा अर्ज, हमीभावाच्या खरेदीची नोंदणी, पीएम किसानचे ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, सारे त्याच तारेतून जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील एखाद्या केंद्रात ‘लिंक नाही’ एवढे दोन शब्द ऐकून परत फिरणाऱ्या माणसाचे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. शासनाने आपली दारे संगणकात नेली. त्या दारापर्यंतचा रस्ता मात्र कंत्राटदाराच्या हाती दिला.

या रस्त्याचा इतिहास मनोरंजक आहे. मार्च २००५ मध्ये केंद्राने ३,३३४ कोटी रुपयांची राज्यव्यापी संगणक जाळ्यांची योजना मंजूर केली. त्यातून राज्याची राजधानी, जिल्हा व तालुका ही ठिकाणे किमान दोन एमबीपीएस वेगाने जोडावयाची होती. २५ ऑक्टोबर २०११ रोजी ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याचा निर्णय झाला. अवघ्या दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची घोषणा होती. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्या. तोवर योजनेचे नाव भारतनेट झाले होते. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम स्वतःकडे घेऊन महाआयटी या शासकीय कंपनीमार्फत ‘महानेट’ आखले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मान्यता दिली. एवढा पैसा, एवढी वर्षे, आणि तरीही आकाशाकडे पाहण्याची वेळ का यावी?

याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, देयकात आहे. पहिल्या कंत्राटांचा सारा भर अंथरलेल्या किलोमीटरवर आणि बसविलेल्या पेट्यांवर होता. तंतूसाठीचा चर १.६५ मीटर खोल हवा, असे मानक. पण माती लोटली, की तो खरोखर किती खोल होता हे सांगणार कोण? पश्चिम विदर्भाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पुरलेली नळी ती फार दिवस सुखाने ठेवीत नाही. त्यात रस्तारुंदीकरणाचा जेसीबी आला म्हणजे उरलेले काम तो पूर्ण करतो. पहिल्या टप्प्यातील जाळे बहुतांशी एका रेषेत होते. मधल्या गावात तार तुटली, की पुढची सगळी गावे बंद. शिवाय ग्रामपंचायतीत बसविलेली पेटी विजेवर चालते आणि वीज कंत्राटाच्या अटी वाचून येत-जात नाही. कागदावर मात्र गाव ‘जोडलेले’ राहते, कारण जोडणीच्या दिवशी दिवा लागला होता. (गावाला वीज पोहोचली असे ठरविताना एका खांबावर समाधान मानणारी आपली परंपरा येथेही चालू राहिली.)

सुधारित भारतनेटने या चुका ओळखल्या, हे मान्य केले पाहिजे. रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी, उभारणाऱ्याकडेच दहा वर्षांची देखभाल, सेवेच्या दर्जावर देयक, या तरतुदी योग्य आहेत. परंतु दर्जा मोजणार कोण, हा प्रश्न उरतोच. जाळे चालू होते की बंद, याची नोंद कंत्राटदाराच्याच नियंत्रण कक्षात होणार असेल, तर विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी तसा तो प्रकार होतो.

एकेकाळी शासनाजवळ स्वतःची माणसे होती. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहाच्याच साहाय्याने जिल्हे जोडावयास घेतले. तेव्हा वाशिम हा अकोल्याचा एक तालुका होता. उपग्रहाची तबकडी या देशाच्या जिल्हा कचेरीला नवी नाही. ती परक्या कंपनीची असणे नवे आहे. दूरसंचाराचा तो लाइनमन, ज्याला कोणत्या पुलाखाली कोणती केबल जाते हे तोंडपाठ असे, तोही गेला. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्या निर्णयामागील आर्थिक कारणे खरी होती, पण त्या दिवशी जे ज्ञान घरी गेले त्याची किंमत कोणी काढली नाही. कंत्राटदाराकडून काम करवून घेण्यासाठीही काम कळणारा माणूस पदरी असावा लागतो.

आता उपग्रहाकडे वळू. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यामुळे ३६,००० किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रहापेक्षा त्यांचा प्रतिसाद कितीतरी शीघ्र असतो. दुर्गम पाड्यावर, पुराने रस्ते तुटलेल्या ठिकाणी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे सत्य नाकारू नये.

परंतु या तारेची कळ कोणाच्या हाती, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. २०२२ साली युक्रेनने क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची केलेली विनंती आपण मान्य केली नाही, असे स्टारलिंकचे सर्वेसर्वा इलॉन मस्क यांनीच २०२३ मध्ये सांगितले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद. एका राष्ट्राच्या गरजेवरचा निर्णय एका उद्योगपतीच्या हाती होता, एवढे त्यातून घ्यावयाचे. आपल्याकडेही जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने निर्बंध लादताच गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टने सेवा खंडित केली. पैसे भरलेले, करार जिवंत, भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा सेवा पूर्ववत झाली. मालेगाव किंवा मंगरूळपीर तालुक्यातील ग्रामपंचायत कोणत्या उच्च न्यायालयात धावणार?

केंद्र शासन याबाबत गाफील नाही. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह सेवेसाठी कडक सुरक्षा अटी घातल्या. त्यांत भारतीयांची माहिती भारतातच ठेवणे, गरज पडल्यास ठरावीक क्षेत्रातील सेवा बंद करता येणे, पाच वर्षांत जमिनीवरील यंत्रणेत किमान २० टक्के स्वदेशी वाटा अशा तरतुदी आहेत. पण या परवान्याच्या अटी झाल्या. परवाना देशाचे रक्षण करतो; ग्राहक म्हणून वाशिमचे रक्षण कंत्राटच करू शकते.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे स्पर्धा. उपग्रह सेवेचा परवाना वनवेब आणि जिओ यांच्याजवळही आहे. इस्रोचा जीसॅट-एन२ हा ४८ जीबीपीएस क्षमतेचा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. तो वाहून नेणारे रॉकेट मस्क यांच्याच कंपनीचे होते, ही गमतीची बाब सोडली, तरी उपग्रह आपला आहे. सी-डॉटने देशात विकसित केलेली उपकरणे भारतनेटच्या पहिल्या टप्प्यापासून वापरात आहेत. इरादापत्र एकाशी झाले म्हणून निविदा एकासाठी लिहिली जाऊ नये. निविदा केवळ न्यूनतम दरावरही सुटू नये. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा सेवांच्या खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांश देण्याची मुभा दिलेली आहेच.

दुसरी गोष्ट देयकाची. दरमहा देयक काढण्यापूर्वी सेवा किती तास चालली, याचे प्रमाणपत्र त्या गावच्या सरपंचाने व ग्रामपंचायत अधिकाऱ्याने द्यावे आणि त्याची पडताळणी शासनाच्या स्वतःच्या मोजणी यंत्रणेने करावी. मोजणीच्या नोंदी शासनाच्या मालकीच्या असाव्यात, कंत्राट संपल्यावरही. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी जाळे समजणारा एक अभियंता नेमलेला असावा, आणि तो कंत्राटदाराचा नव्हे तर जिल्हा परिषदेचा असावा. वाशिमला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथून पदविका घेऊन पुण्याची वाट धरणाऱ्या मुलांपैकी सहा जणांना सहा तालुक्यांत ठेवणे हा खर्च हजारो कोटींच्या योजनेत कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. आणि उपग्रह हा दुसरा मार्ग असावा, पहिला मार्ग जमिनीतला तंतूच. आकाशातला तारा दिसला म्हणून तुटलेली तार जोडण्याचे काम थांबले, तर गावाजवळ दोन्ही असूनही एकच उरेल.

एक तांत्रिक बाब मात्र निविदेपूर्वीच ठरली पाहिजे. या सेवेच्या लहरी ज्या पट्ट्यातल्या आहेत, त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. पीकविमा आणि पीक पाहणीची धांदलही जून ते सप्टेंबर याच काळातली, आणि वीज सर्वाधिक वेळा जाते तीही तेव्हाच. हिवाळ्याच्या निरभ्र आकाशाखाली मोजलेल्या ९० दिवसांवरून श्रावणातल्या वाशिमविषयी काहीच कळणार नाही.