चार जागी चपटे

आमच्या घरात सध्या दोन आवाज असतात : एक कुकरचा आणि दुसरा गॅलरीतल्या यंत्राचा. कुकर निदान तीन शिट्ट्या करून थांबतो!

हे यंत्र म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे हौशी लोकांचे सीएनसी. याला ‘तीस-अठरा’ म्हणतात, कारण तीस बाय अठरा सेंटिमीटर एवढ्याच जागेत त्याचे काम चालते. चीनहून सुट्या भागांचे खोके आले. त्यावर कारखानदाराचे नावसुद्धा नव्हते. जोडणीत दोन रविवार गेले आणि तीन स्क्रू उरले. ते कोठले, हे अजून कळलेले नाही.

या जातीचे यंत्र १९५२ साली अमेरिकेत एम्. आय. टी. या संस्थेने लोकांना दाखवले, तेव्हा त्याला भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम मिळत आणि ते पाळवून घेणारी कपाटे यंत्राहून जास्त जागा अडवीत. आमच्याकडे ते काम तळहाताएवढी पाटी करते. तिच्यातली ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली एका नॉर्वेजियन गृहस्थाने २००९ साली लिहायला घेतली; ती कोणालाही फुकट मिळते.

इतके असून आमच्या यंत्राला गोल काढता येईना. पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने कपाखालची चकती कोरून सौ.पुढे ठेवली.

“बटाटा छान आलाय,” ती म्हणाली.

शेजारचे अप्पा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या हाताला यंत्र लागले नव्हते. त्यांनी चष्मा न लावताच चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “चार जागी चपटी आहे. पाट दिशा बदलतो ना, तिथं. स्क्रूत प्ले आहे तुमच्या.”

खरेच होते. स्क्रू उलट फिरू लागला, तरी नटातली केसभर फट भरून निघेपर्यंत पाट हलतच नव्हता. अप्पांनी जुन्या बाजारातून स्प्रिंग आणली, दोन पितळी नटांच्या मध्ये बसवली आणि फट मोडून काढली. चकती बरीच गोल झाली. मग चौकट लवते हे ध्यानात आले. आता सागावर एका वेळी अर्धाच मिलिमीटर काप घ्यायचा, असा अप्पांचा हुकूम आहे. रोज पाचाच्या ठोक्याला ते तेलाचा बुधला घेऊन दारात उभे असतात.

आमचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, हे भंगारात द्या, चांगलं घ्या.” चांगले यंत्र गोल काढील आणि गप्प बसेल. मग पाच वाजता अप्पांनी कोठे जायचे? आणि खरे सांगायचे तर, मी तरी कोठे जायचे?

यंदाच्या आकाशकंदिलाचे सहा भाग आम्ही दोघांनी प्लायवुडवर कोरले. पाच एकमेकांत बसले. सहावा अप्पा कानशीने घासत आहेत. चिरंजीव पुन्हा नव्या यंत्राचा विषय काढणार, इतक्यात सौ.ने त्याला कंदिलाची वायर आणायला बाजारात पिटाळले. वायर घरात आहे, हे तिला ठाऊक होते.